घरातल्या कामाचं मोजमाप

“तुम्ही काय करता?” या प्रश्नाला “काही नाही, घरीच असते” असं उत्तर देणारी बाई दिवसभर काय करते, हे मोजता येतं. त्यासाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय देशभर वेळ-वापर सर्वेक्षण करतं. पहिलं 2019 साली झालं, दुसरं 2024 साली.

पद्धत सोपी आहे. घरातल्या सहा वर्षं किंवा जास्त वयाच्या प्रत्येकाच्या आदल्या दिवसाचा हिशेब मांडायचा. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे 48 कप्पे. एका कप्प्यात दहा मिनिटं किंवा जास्त चाललेली तीन कामांपर्यंत नोंद होते. कारण सकाळी सात ते साडेसातमध्ये पोळ्या लाटणं, मुलीची वेणीफणी आणि सासूबाईंना औषध देणं, हे सगळं एकच बाई करत असते. कामाला पैसे मिळतात का, हेही नोंदलं जातं.

2024 च्या आकड्यांनुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो. असं काम करणाऱ्या पुरुषांचा जातो 88 मिनिटं. 2019 मध्ये हे आकडे 299 आणि 97 होते.

जवळजवळ पाच तासांचं हे काम राष्ट्रीय उत्पन्नात धरलं जात नाही. म्हणून ही मोजणी मोलाची. नळ, पाळणाघर, गॅस यांनी बाईचे किती तास वाचतील, हे ठरवायचं तर आधी ते तास दिसायला हवेत.