विमानसेवेतील व्यत्यय आणि प्रवाशाचा माहितीचा हक्क

३० नोव्हेंबर २०२४ रोजी 'फेंगल' चक्रीवादळ पुद्दुचेरीच्या किनाऱ्याकडे सरकत असताना चेन्नई विमानतळावरील उड्डाणे दुपारी थांबविण्यात आली. प्रथम सायंकाळी ७ वाजेपर्यंत असलेली ही स्थगिती पुढे १ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजेपर्यंत वाढविण्यात आली. अशा वेळी थांबावे, रेल्वेने जावे की प्रवासच रद्द करावा, हा निर्णय प्रवाशाला घ्यावा लागतो. माहिती जितकी उशिरा मिळते, तितका तो निर्णय महाग पडतो.

माहितीची असममितता

विमान कोठे अडकले आहे, वैमानिकांच्या कर्तव्यकाळाची मर्यादा केव्हा संपते, हे कंपनीला ठाऊक असते. प्रवाशाला फलकावरील वेळ तेवढी दिसते. व्यवहारातील एका पक्षाकडे अधिक माहिती असण्याच्या या स्थितीस अर्थशास्त्रात 'माहितीची असममितता' म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये तिचे विवेचन केले आणि २००१ मध्ये ते नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. उड्डाण रद्द केल्याचे जाहीर होताच परतावा किंवा पर्यायी उड्डाण देणे भाग पडते; 'विलंब' म्हटल्यास हा भार लांबणीवर पडतो. प्रतीक्षेचा खर्च मात्र प्रवासी सोसतो. म्हणूनच येथे नियमनाची गरज भासते.

नियमांची चौकट

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑगस्ट २०१० मध्ये यासंबंधीची नियमावली जारी केली. तीनुसार उड्डाण रद्द होणार असल्यास किमान दोन आठवडे आधी कळविणे अपेक्षित आहे. वेळेत न कळविल्यास द्यावयाच्या भरपाईची कमाल मर्यादा २०१६ च्या सुधारणेने उड्डाणकाळानुसार ५,०००, ७,५०० व १०,००० रुपये अशी ठरविली. चक्रीवादळासारख्या कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील घटनेत ही भरपाई देय नसते. बुकिंगच्या वेळी पुरेसा संपर्क तपशील न देणाऱ्या प्रवाशालाही ती मिळत नाही.

उत्तर भारतातील धुक्याने सेवा विस्कळीत झाल्यानंतर महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये कार्यपद्धती ठरवून दिली. विलंबाची अचूक व तत्कालीन माहिती संकेतस्थळ, लघुसंदेश, ई-मेल आणि विमानतळावरील फलक यांद्वारे द्यावी, तसेच तीन तासांहून अधिक विलंब संभवत असल्यास उड्डाण आगाऊ रद्द करता येईल, असे तीत नमूद आहे.

चेन्नईचा धडा

डिसेंबर २०१५ च्या महापुरात अड्यार नदीचे पाणी शिरून चेन्नई विमानतळ अनेक दिवस बंद राहिला. अरक्कोणम येथील नौदलाच्या 'राजाली' तळावरून काही उड्डाणे झाली. परंतु शहरात वीज व दूरध्वनीसेवा खंडित झाल्याने ही वार्ताही अनेकांपर्यंत पोहोचणे कठीण होते. एकाच माध्यमावर विसंबणारी संपर्कव्यवस्था आपत्तीत कोलमडते, हे त्यातून दिसले. रेडिओ, विमानतळावरील माहिती कक्ष आणि प्रादेशिक भाषेतील उद्घोषणा यांचे मोल अशा वेळी कळते.

वादळ रोखणे कंपनीच्या हाती नसते. त्यामुळे भरपाईतून तिला सूट मिळणे समजण्याजोगे आहे. मात्र जे ठाऊक आहे ते वेळेवर सांगणे तिच्या हाती असते. म्हणून माहिती देण्याच्या कर्तव्याला अशी सूट लागू करणे समर्थनीय ठरत नाही.