नेम आणि नजर – भाग 9 : काळ्यावर काळी रेघ

गेल्या आठवड्यात स्कोपमधल्या रेघांचे, म्हणजे रेटिकलचे, प्रकार पाहिले. त्या सगळ्या काळ्या होत्या, आणि दिवसाढवळ्या काळ्याच बऱ्या. पण जर्मनीत मक्याच्या शेताच्या कडेला, लाकडी मचाणावर चांदण्यात बसलेल्या शिकाऱ्यापुढे रानडुक्कर येते तेव्हा पंचाईत होते. जनावर काळे, त्यामागचे रान काळे आणि रेघाही काळ्याच. डुक्कर दिसते, रेघ हरवते. नेम खांद्यामागे बसलाय की पोटावर, हे कळायला मार्ग नसतो. आणि पोटात गोळी लागलेले डुक्कर रात्रभर तडफडत रान पालथे घालते. स्कोपमध्ये उजळ रेटिकल आले ते ही अडचण सोडवायला.

जर्मन शिकारी रात्रीच का बसतो, याचे उत्तर तिथल्या कायद्यातही आहे. सूर्यास्तानंतर दीड तास उलटला की सूर्योदयाआधीच्या दीड तासापर्यंत कायद्याने ‘रात्र’. त्या वेळात हरणावर गोळी झाडायची नाही. रानडुकराला मात्र हे अभय नाही. त्याच कायद्याने जनावरावर झोत टाकणारी साधनेही वर्ज्य ठरवली. आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या धास्तीने अलीकडे रानडुकरांपुरते हे बंधन सैल झाले आहे, पण पिढ्यान् पिढ्या तिथला शिकारी चंद्र आणि चांगली काच यांच्याच भरवशावर होता. उजळ रेटिकल या चौकटीत बसते, कारण ते जनावराला उजळवत नाही. दिवा नळीच्या आत आणि त्याचा प्रकाश फक्त नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात.

ही युक्ती आजची वाटते, पण आहे जवळजवळ रेटिकलइतकीच जुनी. सतराव्या शतकात यॉर्कशरमधल्या विल्यम गॅस्कॉइन या हौशी खगोलनिरीक्षकाच्या दुर्बिणीत कोळ्याने जाळे विणले. नेमक्या केंद्रप्रतलात आलेला तो धागा ताऱ्याइतकाच स्पष्ट दिसतो, हे त्याच्या ध्यानात आले आणि दुर्बिणीने नेम धरता येतो याचा शोध लागला. अंधाऱ्या रात्री धागा दिसेना, तेव्हा त्याने कंदिलात मेणबत्ती ठेवून तिचा जरासा उजेड दुर्बिणीत पाडला. 1644 मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. आजच्या स्कोपमध्ये मेणबत्तीच्या जागी एलईडी आहे आणि धाग्याच्या जागी काचेवर कोरलेली रेघ, एवढाच फरक. बाजूने येणारा प्रकाश कोरीव भागावर विखुरतो आणि तेवढाच भाग लाल दिसतो. जर्मन पसंतीच्या ‘चार नंबर’ रेटिकलमध्ये तीन जाड दांडे आणि मध्ये बारीक फुली असते. उजळायचा तो फक्त मधला ठिपका. सगळी फुली पेटवणारे स्कोप मला दिवाळीच्या माळेसारखे वाटतात.

आता डोळ्याकडे येऊ, कारण घोळ होतो तो तिथेच. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. त्या वेळी काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना गडद लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून ठिपका लाल. सरावलेली नजर तो फारशी मोडत नाही. पण ‘लाल आहे, चालेल’ म्हणून उजेडाचे बटण भसाभस फिरवले की सगळे मुसळ केरात. ठिपक्याभोवती धुकट वलय उठते, काचांमध्ये प्रकाश परततो आणि ज्या डुकरासाठी तासभर ताटकळलात ते त्या लाल धुक्यात विरघळते. ठिपका इतका मंद हवा की तो आहे की नाही अशी शंका यावी. दिवसा त्याच पायरीवर तो अजिबात दिसणार नाही. दिसला, तर रात्रीसाठी तो जास्त आहे असे समजा.

उजेडाचे खरे काम भिंगांचे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. 8 पट वर्धनाच्या 56 मिमी स्कोपमधून 7 मिमीचा झोत येतो आणि तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते. 8x56 हा जर्मनांचा रात्रीचा लाडका आकडा या हिशेबातून आला. वय वाढते तशी बाहुली कमी उघडते, पाचेक मिमीपर्यंत. मग जादाचा प्रकाश बुबुळावर सांडतो. साठीच्या शिकाऱ्याने 56 मिमीचे धूड का वाहावे, हा प्रश्न दुकानदार सहसा विचारू देत नाही.

निशाणेबाजीत चित्र निराळे आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघेइतके चोख काही नाही. तिथे दिवा बंदच ठेवावा. काळ्या वर्तुळावर बारीक रेघ बुडते, तेव्हा मंद ठिपका उपयोगी पडतो. मात्र प्रखर केलेला ठिपका असतो त्याहून मोठा भासतो आणि 100 मीटरवर एक मिनिट ऑफ अँगल (अंशाचा साठावा भाग) म्हणजे 29 मिमी, हे मागच्या भागातले गणित इथे आठवावे. ऑलिंपिक रायफलमध्ये हा प्रश्नच नाही, कारण दुर्बीणच वर्ज्य. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक घेतले ते पीप साइटच्या भोकातून पाहून.

सेलचे एक सांगून टाकतो. बहुतेक स्कोपमध्ये 3 व्होल्टचा नाण्यासारखा सीआर 2032 असतो आणि तो संपतो तो नको त्या वेळी. चांगल्या बटणावर दर दोन पायऱ्यांमध्ये ‘बंद’ची खाच असते, ती वापरली की नेहमीची पायरी एका टिचकीवर राहते. सेल गेला तरी कोरलेली काळी रेघ जागेवर असते, नेमही हलत नाही. कोरीव रेघ नसलेल्या साध्या रेड डॉट साइटची गोष्ट वेगळी. तिथे दिवा गेला की नेमच गेला.

ठिपका स्पष्ट आणि जनावर अंधुक अशी वेळ आली, तर बोट ट्रिगरवर नेऊच नका. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे ठिपका सांगत नाही. आणि आपल्याकडे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे, शेतात घुसणाऱ्या रानडुकरावरसुद्धा परवानगीशिवाय बंदूक रोखता येत नाही.

स्कोप हाताशी असेल, तर तो बंदुकीवरून उतरवून घ्या. आज रात्री घरातले दिवे आणि मोबाइल बंद करून अर्धा तास बसा आणि मग खिडकीतून अंगणातल्या एखाद्या काळ्या झुडपाकडे बघत बटण सर्वांत खालच्या पायरीपासून वर न्या. झुडूप फिकट होऊ लागेल त्याच्या दोन पायऱ्या मागे या. तो आकडा कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या भागात पॅरालॅक्स पाहताना लागेल.