रिपोर्टातलं टू-प्लस

जयपूरच्या सी-स्कीममधल्या जुन्या बंगल्यात थाटलेला दवाखाना. स्टॅच्यू सर्कलवरची रहदारी इथवर ऐकू येते. बाकांवर ओढणी कपाळापर्यंत ओढलेल्या दोघी-तिघी, प्रत्येकीच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. आमच्याही. मावशीच्या ऑपरेशनचा बायोप्सी रिपोर्ट आलाय आणि काका तो पुन्हा पुन्हा चाळतायत.

"अठरा गाठी निघाल्या गं!" काका माझ्या कानाशी. बोट 'एक भागिले अठरा' या आकड्यावर. मी सांगते, काखेतल्या अठरा ग्रंथी काढून तपासल्या, त्यांतल्या एकीतच कॅन्सर सापडला. काका मान हलवतात, पण बोट हलत नाही.

आत डॉक्टर रिपोर्ट वाचतात आणि कोरा कागद ओढून मावशीसमोर उलटा धरून चित्र काढतात. स्तनातली गाठ २.३ सेंटिमीटर. कडा स्वच्छ, म्हणजे कापलेल्या काठावर पेशी उरलेल्या नाहीत. ग्रेड दोन.

"दुसरी स्टेज?" काका.

"नहीं अंकल." ग्रेड म्हणजे पेशी मूळ पेशींपासून किती बिघडल्यात ते, स्टेज म्हणजे आजार किती पसरलाय. दोन्ही वेगळे. असे डॉक्टर फी वसूल करून देतात, माझं मत.

मग ईआर: नव्वद टक्के पॉझिटिव्ह. मावशीचा चेहरा उतरतो. कोविडपासून हा शब्द घरात शिरला तो वाईट बातमी घेऊनच. डॉक्टर घाईनं सांगतात, इथे ही चांगली बाजू आहे. गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जातेय, तेव्हा तिची रसद तोडणारी गोळी उपलब्ध आहे. मावशी एकसष्ट वर्षांची, पाळी केव्हाच गेलेली. म्हणून लेट्रोझोल, रोज एक, किमान पाच वर्षं. हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांची तपासणी आणि कॅल्शियम. पाळी चालू असलेल्या बाईला बहुधा टॅमॉक्सिफेन देतात.

"मग केमो नको ना?" मावशी पहिल्यांदा बोलते, मराठीतच. मी हिंदीत सांगते.

डॉक्टर शेवटच्या ओळीवर पेन टेकवतात. हर-टू, म्हणजे पेशींची वाढ चेतवणारं प्रथिन: टू-प्लस. शून्य किंवा वन-प्लस असतं तर निगेटिव्ह, थ्री-प्लस असतं तर पॉझिटिव्ह. टू-प्लस म्हणजे निकाल लागलेलाच नाही. त्यासाठी फिश तपासणी, आणि ती मेणात बसवलेल्या मांसाच्या त्याच ठोकळ्यावर होते. दादा लॅबमधून आणलेली डबी पुढे करतो. तिकिटाएवढा पांढरा ठोकळा. एवढ्याशा गोष्टीवर वर्षभराचं औषध ठरणार!

फिश पॉझिटिव्ह आली, तर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब, दर एकवीस दिवसांनी, एकूण वर्षभर. हे औषध एके काळी सामान्यांच्या आवाक्याबाहेर होतं. २०१४पासून भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर आली, तरी खर्च कमी नाही. निगेटिव्ह आली, तर केमोचा प्रश्न खुलाच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आरएक्सपॉन्डर चाचणीत दिसलं, की पाळी गेलेल्या, एक ते तीन ग्रंथी बाधित असलेल्या बायकांचा ऑन्कोटाइप गुण पंचवीस किंवा त्याखाली असेल, तर केमोनं फायदा होत नाही. ऑन्कोटाइप ही गाठीतल्या जनुकांची तपासणी मात्र लाखांत जाते. स्तन राखलाय, त्यामुळे रेडिएशन दोन्ही वाटांवर आहेच.

इतक्यात पुण्याहून मामाचा फोन. पेट-स्कॅन करून टाका म्हणतो. डॉक्टर हसतात. काही त्रास नसताना या टप्प्यावर तो सर्रास लागत नाही.

मावशी विचारते, "थांबलं तर वाढेल का?"

नाही. ऑपरेशननंतर पुढचे उपचार सुरू व्हायला चार-सहा आठवडे लागले तरी चालतात, त्यात फिशचा निकाल सहज येतो. टाटा मेमोरियलशी जोडलेल्या 'नव्या' सेवेवर कागद पाठवून दुसरं मतही घरबसल्या मागता येतं.

रिपोर्टाची प्रत सगळेच नेतात. ठोकळा आणि स्लाइडही लॅबकडून मागून घ्या, आणि हर-टू टू-प्लस असेल तर फिशचा निकाल हाती आल्याशिवाय केमोची तारीख पक्की करू नका.