लाकडाच्या बदल्यात पाडलेलं झाड

सावद्यात दारचं जुनं झाड पाडायचं ठरलं की मजुरीची गोष्ट निघतच नाही. ‘नाना, लाकूड माझं, झाड मी पाडून देतो,’ असं तोडणारा म्हणतो, आणि काम फुकटात होतंय म्हणून घरमालक लगेच मान हलवतो. माझी सगळी नोकरी विजेच्या खांबांवर गेली. पडलेल्या फांद्यांखालून तारा ओढून काढताना एक गोष्ट मला पक्की कळली, की पुढचं बरंचसं नुकसान या सौद्यातच ठरून जातं. वखारीत लांब, सरळ ओंडक्याला भाव मिळतो, तुकडे सरपणाच्या दराने जातात. मग फांदी अख्खी खाली आणायची, हेच तोडणाऱ्याच्या फायद्याचं. तिच्या वाटेत पत्रे, पाण्याची टाकी, शेजारच्याची भिंत, तारा, काय काय आहे याचा हिशेब त्या सौद्यात कुणीच धरलेला नसतो.

ओल्या लाकडाचं वजन लोकांच्या ध्यानात येत नाही. फूटभर जाडीचा, दहा फूट लांबीचा निंबाचा ओला ओंडका दोनशे किलोच्या आसपास भरतो. वीस फुटांवरून सुटला तर जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या जवळ गेलेला असतो. आपल्या खान्देशात जुन्या वस्तीत अजून मातीच्या भिंतींची, धाब्याची घरं आहेत. धाब्याखालच्या कड्या असला मार सोसतील कशा? आणि दोर बांधला म्हणजे फांदी ताब्यात आली असंही नाही. तुटलेली फांदी दोरावर झोक्यासारखी झुलते आणि ज्या भिंतीचा कुणी विचारही केला नव्हता तिच्यावर जाऊन आदळते.

फांदी वरूनच कापत गेलं की ती अर्ध्यात वाकते, खालची साल खोडापर्यंत सोलत येते आणि फांदीचा बुडखा झाडावर चढलेल्या माणसाकडे येतो. म्हणून जाणता माणूस आधी खालच्या अंगाने खाच घेतो, मग थोडं पुढे सरकून वरून कापतो, आणि वजन खाली गेल्यावर उरलेला खुंट खोडाजवळ साफ करतो. कटर मशीन आल्यापासून काम झटपट होतं, पण तिसरा काप घ्यायला थांबणारे कमी झाले, असं मला दिसतं.

आता तारांचं. तार तुटली की लाइट जाते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण फांदीने एकच तार तोडली आणि ती न्यूट्रलची निघाली, तर लाइट जात नाही, आणि खरा घात तिथेच होतो. खांबावरून गल्लीत येणाऱ्या तारांत तीन फेज आणि एक न्यूट्रल असतो. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामधला २३० व्होल्टचा दाब मिळतो. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधला ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब त्यांच्यात वाटला जातो. वाटणी सारखी होत नाही. ज्या फेजवर त्या वेळी वापर जास्त, तिथे दिवे मिणमिणतात. जिथे वापर कमी, तिथे दाब वाढतो आणि टीव्ही, फ्रिज, मोटर जळते. फांदी पडते पहिल्या घरासमोर, जळतं पाचव्या घरात. त्या घरातली बाई विचारते, ‘भाऊ, आमच्याकडे तर पानही पडलं नाही.’ ती बरोबर असते, आणि तिला भरपाई द्यायला कुणीच पुढे येत नाही. मला सगळ्यात जास्त हे लागतं.

म्हणूनच सप्लाय बंद करून घेतल्याशिवाय तारांजवळच्या झाडाला हात लावू नये. अर्ज करून वेळ ठरवावी, वायरमन हजर असावा, त्याने लाइन बंद करून, अर्थिंग करून ‘चढा’ म्हटल्यावरच माणूस चढावा. लाइन मेली असं आपण समजतो आणि कुठल्यातरी घरचं जनरेटर चुकीच्या जोडणीमुळे तिच्यात वीज सोडतं. ओली फांदी वीज वाहते. अकरा केव्हीच्या लाइनला तर ती टेकायचीही गरज नसते, फार जवळ गेली तरी पुरे.

मे-जूनच्या वादळात रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागा आडव्या होतात. ते बघून लोक घाबरतात आणि घराजवळचं झाड एकदम पाडायला निघतात. खरं तर बहुतेक झाडांना पोकळ, वाळलेल्या फांद्या काढणं पुरेसं असतं. शेंडा छाटून बोडकं केलेल्या झाडाला जे नवे फुटवे येतात ते वरवर चिकटलेले असतात आणि पुढे तेच मोडून पडतात. शिवाय नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण दिलं.

मात्र धोकादायक फांदी तशीच ठेवली तरी जबाबदारी सुटत नाही. १९६४ साली दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडली आणि तो गेला. सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या महापालिकेला त्यासाठी जबाबदार धरलं ते १९९९ साली. घरच्यांनी पस्तीस वर्षं वाट पाहिली.

विम्याचंही बघून ठेवा. २०२१पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत झाड कोसळून घराला बसलेल्या धक्क्याचा समावेश आहे. गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर फांदीखाली चेपलेल्या आपल्याच गाडीचे पैसे मिळत नाहीत.

माझं सांगणं सौदा बदलण्याचं आहे. मजुरी रोख द्या, लाकूड स्वतःकडे ठेवा आणि फांद्या हाताने उचलता येतील एवढे तुकडे करूनच उतरवायच्या, हे आधी ठरवा. नुकसान झालं तर कोण किती देणार हे कागदावर लिहा. काम शक्यतो फाल्गुनाच्या सुमारास काढा; तेव्हा निंबाची पानगळ झालेली असते, फांद्या हलक्या असतात आणि कुठली किडलीय ते खालूनही दिसतं. आदल्या रात्री गल्लीतल्या प्रत्येक घरी सांगून या, सकाळी टीव्ही, फ्रिजचे प्लग काढून ठेवायला लावा. सप्लाय परत आला की आधी जुना पिवळा बल्ब लावून बघा. तो नेहमीसारखा पेटला तर फ्रिज चालू करा. भगभगला किंवा मिणमिणला, तर मेन स्विच खाली करा आणि वायरमनला फोन लावा.