पदवी नाही, गळा आहे

न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला श्रीमंतांच्या उंच इमारती आहेत. त्यांतल्या एका इमारतीच्या दारावर जो हीनी नावाचे आयरिश गृहस्थ कित्येक वर्षं दारवान होते. त्यांना पाचशेहून अधिक गाणी तोंडपाठ होती. 1982 मध्ये अमेरिकेने लोककलावंतांसाठी राष्ट्रीय वारसा सन्मान सुरू केला आणि पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत हीनींचं नाव आलं. त्याच वर्षी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने त्यांना ‘आर्टिस्ट इन रेसिडेन्स’, म्हणजे निवासी कलावंत, म्हणून बोलावून घेतलं.

हीनींचा जन्म 1919 चा, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कार्ना गावातला. तिथे आयरिश भाषेत ‘शान-नोस’ गायकी चालते. एकच गळा, साथीला वाद्य नाही, लिहिलेले स्वर नाहीत. एकाच गाण्यातल्या हरकती प्रत्येक कडव्याला बदलतात आणि ते सगळं घरात, शेजारात ऐकून अंगी येतं. पोटासाठी हीनी आधी ब्रिटनमध्ये मजुरी करत राहिले, मग अमेरिकेत गेले.

विद्यापीठात निवासी कलावंत म्हणून राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? एका संध्याकाळचा कार्यक्रम करून, शाल-नारळ घेऊन परतणं त्यात बसत नाही. कलावंत काही महिने किंवा एखादं-दुसरं वर्ष तिथेच राहतो, त्याला मानधन मिळतं, विद्यार्थी समोर बसून शिकतात. हीनी गाण्याआधी त्या गाण्याची गोष्ट सांगत. कोण बुडालं, कोणाचं लग्न मोडलं, हे ठाऊक नसेल तर गाणं शिकून उपयोग नाही, अशी त्यांची रीत होती. 1984 च्या मे महिन्यात सिएटलमध्येच त्यांचं निधन झालं. त्यांच्या शिकवणीची ध्वनिमुद्रणं विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. गावातून बाहेर पडलेली गाणी अशी दूरच्या शहरात जपली गेली.

या विद्यापीठात हे काही एकदाच घडलं नव्हतं. रॉबर्ट गारफायस यांनी 1962 मध्ये तिथे विविध संस्कृतींच्या संगीताच्या अभ्यासाचा विभाग उभारला आणि जगभरातले कलावंत शिक्षक म्हणून आणण्याची प्रथा पाडली. 1968 मध्ये झिम्बाब्वेचे दुमिसानी मराइरे आले. त्यांनी शिकवलेल्या मरिंबा वादनातून अमेरिकेच्या त्या वायव्य पट्ट्यात वाद्यवृंदांची परंपराच रुजली. आणि 1970 च्या सुमारास आला माहीमचा एक तरुण तबलजी, अल्लारखाँचा मुलगा झाकिर हुसेन. विशीही न गाठलेल्या या मुलाने तिथे परदेशी विद्यार्थ्यांना ठेका शिकवला. पुढे 2005-06 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठानेही त्यांना सन्मानाने शिकवायला बोलावलं.

महाराष्ट्रातही याच्या जवळ जाणारी कामं झाली आहेत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून गुरुकुल पद्धतीने चालतं आणि त्यात कसलेल्या कलावंतांना गुरूचं स्थान आहे. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत शाहिरी, लावणी, गोंधळ हे रीतसर शिकवण्याचे विषय झाले. तरी एक फट उरतेच. ज्याच्याकडे कला आहे त्याच्याकडे बहुधा पदवी नसते, आणि नेमणुकीच्या अर्जात पहिला रकाना पदवीचा असतो.

ती फट किती रुंद आहे, हे पेण तालुक्यातल्या हमरापूरला बसून चांगलं कळतं. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावं गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. घराघरांत साचे, रंग, डोळ्यांची आखणी. पण रायगडच्या याच पट्ट्यात आगरी-कोळ्यांच्या लग्नात आणखी एक कला जगते. तिचं नाव धवला. हळदीपासून पुढे लग्नाचे विधी धवलारीण गाण्यातून चालवते. कोणत्या विधीला कोणती गाणी, देवांना आवतण कसं द्यायचं, हा सगळा क्रम तिच्या डोक्यात असतो. तिने तो एखाद्या जुन्या धवलारणीच्या मागे बसून, झील धरता धरता उचललेला असतो. गळ्यावर चालणारी, कानाने शिकलेली, प्रसंगाशी बांधलेली ही विद्या कार्नाच्या गाण्याइतकीच भरीव आहे. आता हळदीला डीजे वाजतो आणि धवलारणीच्या मागे बसणाऱ्या मुली कमी झाल्या आहेत.

अशा पदवी नसलेल्या कलावंतांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये दार उघडलं. उच्च शिक्षण संस्थांनी स्थानिक कलाकार आणि कारागीर निवासी म्हणून नेमावेत, अशी मार्गदर्शक सूचना त्यांनी काढली. कारागीर हा शब्द त्यात स्पष्ट आहे, त्यामुळे हमरापूरचा मूर्तिकारही तिच्या कक्षेत येतो. हा निर्णय कागदावरून वर्गात यावा, अशी तळमळ वाटते, कारण धवलारणी म्हाताऱ्या होत चालल्या आहेत.

हा निर्णय वर्गात आणायचा तर आधी साध्या गोष्टी ठरवाव्या लागतील. मानधन वेळेवर आणि पोट भरेल इतकं हवं. ध्वनिमुद्रण झालं तर त्याची एक प्रत गायिकेच्या घरी गेली पाहिजे आणि त्यावरचा हक्कही तिचा असला पाहिजे. परीक्षेच्या नावाखाली तिच्याकडून प्रश्नपत्रिका काढून घेऊ नयेत. विद्यार्थ्यांना निदान एका खऱ्या हळदीला तिच्या मागे बसवावं, झील धरायला लावावी.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि इथे पंचांग मदतीला येतं. चातुर्मासात लग्नं थांबतात, धवलारीण मोकळी असते, आणि महाविद्यालयाचं पहिलं सत्र नेमकं तेव्हाच चालू असतं. मूर्तिकाराचं याच्या उलट. आषाढ-श्रावणात त्याला मान वर करायला सवड नसते, गणपती विसर्जनानंतर त्याला जरा उसंत मिळते. म्हणजे पहिलं सत्र तिचं आणि दुसरं त्याचं, असं एकाच वर्षात दोघांनाही बोलावता येईल.