‘माझी मुले’ या दोन शब्दांत कोण कोण?

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावर भुसार मालाचे दुकान असलेले एक कुटुंब कल्पावे. पत्नीच्या निधनानंतर दुकानाच्या मालकाने पुनर्विवाह केला. नव्या पत्नीसोबत तिचा पाच वर्षांचा मुलगा घरात आला. पुढे तीस वर्षे तोच गल्ल्यावर बसला, उधारीच्या वह्या त्यानेच सांभाळल्या. वडिलांनी मृत्युपत्रात लिहिले, ‘दुकान व राहते घर माझ्या मुलांना समभागाने मिळावे.’ या ओळीत तो मुलगा आहे का?

घरात हा प्रश्न कोणाला पडत नाही. वडिलांच्या पश्चात तो न्यायालयात उभा राहतो. 1956 चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्यातील प्रथम वर्गाच्या वारसांत पत्नीचा पूर्वविवाहातील मुलगा नाही. सावत्र आईच्या संपत्तीविषयी सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली लछमन सिंग विरुद्ध किरपा सिंग या खटल्यात स्पष्ट केले, की कलम 15 मधील ‘पुत्र’ या शब्दात सावत्र पुत्र येत नाही. तो पुढच्या पायरीवर, पतीचा वारस म्हणून येतो. मुंबई उच्च न्यायालयानेही पूर्वी हेच मत दिले होते.

हे सारे मृत्युपत्र नसताना. मृत्युपत्राने स्वतःची संपत्ती, एकत्र कुटुंबातील स्वतःचा हिस्सासुद्धा, कोणालाही देता येतो. तेथे न्यायालय लिहिणाऱ्याचा हेतू शोधते. परंतु तो सिद्ध करण्यात वर्षे जातात आणि तोवर दुकान कोणी उघडायचे? ‘वंशज’ हा शब्द तर अधिकच अडचणीचा. कायदेशीर दत्तकपुत्र त्यात येतो, मुलीची मुलेही येतात (पुष्कळांच्या मनात ती नसतात!), केवळ सांभाळलेला सावत्र मुलगा मात्र येत नाही.

एक बारकावा सहसा सुटतो. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, ज्याला संपत्ती द्यायची तो आधीच वारला तर ती देणगी सामान्यतः रद्द होते. स्वतःचे अपत्य मुले मागे ठेवून वारले असेल, तर कलम 109 ती वाचवते. सावत्र मुलाला हे संरक्षण नाही. नाव लिहिले असले तरी त्याची पत्नी व मुले रिकाम्या हाताने राहू शकतात.

म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करण्यापूर्वी, मुलाचे पूर्ण नाव घालून इतके लिहावे: ‘माझ्या पत्नीचा पूर्वविवाहातील मुलगा, ज्यास मी माझाच मानतो, यास माझ्या अन्य मुलांइतका हिस्सा मिळावा, तो माझ्याआधी निवर्तल्यास तो हिस्सा त्याच्या पत्नीस व मुलांस मिळावा.’