शून्याशिवाय चोवीस हजार चारशे!

मुलांनो, २४,४०० ही संख्या आकड्यांत लिहा, पण शून्य वापरायचं नाही! अडलात ना? दोन हजार वर्षांपूर्वी ती अशीच लिहिली गेलीय, बरं का!

आपल्या पुंडलिकनगरापासून पन्नासेक किलोमीटरवरचं पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्यांच्या नागनिका राणीचा शिलालेख जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांची मोजदाद त्यात कोरलीय. पण तिथे दहाला वेगळं चिन्ह, विसाला वेगळं, शंभराला आणखी वेगळं! म्हणून २४,४०० साठी वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीन चिन्हं शेजारी-शेजारी.

संख्या वाढली की चिन्हंही वाढणार. किती पाठ करायची?

पुढे भारतातच युक्ती निघाली: चिन्ह तेच, किंमत जागेवरून ठरवायची. ४ एकं स्थानी असला तर चार, शतकस्थानी चारशे. रिकामी जागा राखायला शून्य! इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी शून्याच्या गणिताचे नियमही सांगितले. हीच युक्ती एककाच्या उजवीकडे नेली की झाले दशांश अपूर्णांक. १५८५ साली सायमन स्टेविन यांनी छोट्या पुस्तकातून ते युरोपला शिकवले.

शून्याला किंमत नाही म्हणता? मग ४०४ मधलं शून्य खोडा. चारशे चारचे झाले चव्वेचाळीस!